गोळीविना हाका: पेरूतल्या विकुन्या आणि लुकानास गावाचं प्रकरण

हाका म्हटलं की आपल्याला जुनी शिकार आठवते. डबे बडवत रान उठवणारी माणसं, आणि पुढे मचाणावर बंदूक घेऊन बसलेला कुणी साहेब. पेरूच्या आयाकुचो भागात लुकानास नावाचं एक डोंगरी गाव आहे. तिथेही दरवर्षी २४ जूनला हाका निघतो. पूर्ण गाव उतरतं, चार हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर पाम्पा गालेरासच्या माळावर शेकडो माणसं हात धरून साखळी करतात आणि रानटी प्राण्यांचा कळप हळूहळू कुंपणाकडे वळवतात. फरक एवढाच की शेवटी बंदूक नसते, कातरणी असते. प्राणी धरतात, लोकर उतरवतात आणि त्याला पुन्हा माळावर सोडून देतात.

या हाक्याला तिथे चाक्कू म्हणतात. प्राणी आहे विकुन्या. पेरूत शिकारबंदी अनेकदा आली आणि अनेकदा हरली. मग एक कायदा असा आला की त्याने विकुन्या वाचली. तो कायदा कुठे जिंकला आणि कुठे अर्ध्यावर थांबला, हे पाहायला लुकानासइतकी चांगली जागा नाही.

प्राणी आणि त्याची लोकर

विकुन्या ही उंटाच्या कुळातली सगळ्यात लहान. लामा आणि अल्पाका हे तिचे पाळीव भाऊबंद, ग्वानाको हा रानटी. खांद्याशी उंची जेमतेम तीन फूट, वजन ४० ते ५० किलो, पाठ दालचिनीच्या रंगाची आणि छातीवर लांब पांढऱ्या केसांची झालर. अँडीजच्या झाडरेषेच्या वर जो उघडा, थंड, इचू गवताचा प्रदेश आहे, ज्याला पूना म्हणतात, तिथेच ती राहते. एक नर, चारपाच माद्या आणि त्यांची पिल्लं असा संसार असतो. नर आपली हद्द राखतो आणि धोका दिसला की शीळ घालतो. मादीला अकरा महिन्यांनी एकच पिल्लू होतं. म्हणजे कळप एकदा घटला की तो सावकाशीनेच भरून येतो.

तिच्या जिवावर उठली ती तिची लोकर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, उत्तम कश्मिरी लोकर १४ ते १६ मायक्रॉन. विकुन्याची भरते १२ ते १३. आणि ती वाढते फार हळू. दोन वर्षांनी एकदा कातरली तर एका जनावरामागे सुमारे २०० ग्रॅम मिळते, तीही धूळ आणि राठ केसांसकट. एका लांब कोटाला पंचवीसतीस विकुन्यांची लोकर लागते. ज्या वस्तूचं एवढंसं पीक दोन वर्षांनी येतं आणि जिला जगभर श्रीमंत गिऱ्हाईक आहे, तिच्यामागे बंदुका लागणारच.

बंदी होती, राखणदार नव्हता

इंका राजवटीत विकुन्या मारायला सामान्य माणसाला मज्जाव होता. राज्याचे भाग पाडलेले होते आणि एकेका भागात काही वर्षांनी एकदाच चाक्कू व्हायचा. हजारो माणसं डोंगर वेढायची, विकुन्या कातरून सोडून द्यायची, आणि लोकर राजघराण्याच्या कोठारात जायची. स्पॅनिश आले, ती व्यवस्था मोडली आणि बंदूक आली.

१८२५ हे वर्ष पेरूच्या विकुन्यासाठी मोठं आहे. फेब्रुवारीत ती नव्या प्रजासत्ताकाच्या राजचिन्हावर आली. ५ जुलैला स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या लढ्याचे नेते सिमोन बोलिव्हार यांनी कुस्को शहरात फर्मान काढलं: आजपासून विकुन्या मारायची नाही, शिकारीचं निमित्त करूनही नाही. लोकर हवी असेल त्याने एप्रिल ते जुलै या महिन्यांत कातरून घ्यावी. मारल्यास दंड.

दोनशे वर्षांपूर्वीचं हे फर्मान वाचताना मला त्याच्या समजूतदारपणाचं खरंच नवल वाटतं. मारू नका, कातरा, हेच आजच्या कायद्याचंही सार आहे. तरी ते चाललं नाही, आणि त्याचं कारण पूनावर उभं राहिलं की कळतं. विकुन्या मारायला एक माणूस, एक बंदूक आणि पाच मिनिटं पुरतात. तिला जिवंत धरायला गाव लागतं. शंभरदोनशे माणसांनी दिवसभर चालायचं, दोर धरायचे, कुंपण उभारायचं, आणि हाती यायची मूठमूठ लोकर. हा खटाटोप गाव तेव्हाच करेल, जेव्हा त्याला ठाऊक असेल की आज सोडलेली विकुन्या दोन वर्षांनी पुन्हा आपल्याच दोरात येणार आहे. फर्मानात ती खात्री नव्हती. कळप कुणाचा हे ठरलेलंच नव्हतं. जे कुणाचंच नाही ते आधी पोचणाऱ्याचं, आणि आधी पोचत होता बंदूकवाला.

पुढे विसाव्या शतकातही बंद्या आल्या आणि गेल्या. १९६० च्या दशकात सबंध अँडीजमध्ये मिळून दहा हजारांच्या आसपास विकुन्या उरल्या होत्या.

१९६७: माळावर पहिली चौकी

१९६७ मध्ये पाम्पा गालेरास राष्ट्रीय राखीव क्षेत्र झालं. नाझ्काहून पुकियोकडे चढणाऱ्या रस्त्यावर सुमारे ६,५०० हेक्टरचा हा माळ आहे. जमीन लुकानासच्या शेतकरी समुदायाची, आणि त्यांच्याशी बोलणी करूनच राखीव क्षेत्र ठरलं. ही बाब मी मुद्दाम सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट हिच्यावर उभी आहे. गाव उठवून जंगल राखलं, असं इथे झालं नाही.

१९६९ मध्ये पेरू आणि बोलिव्हिया यांनी ला पाझ इथे करार करून शिकार आणि व्यापार दोन्ही बंद केले. १९७५ मध्ये वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय साइट्स करार लागू झाला आणि विकुन्या त्याच्या परिशिष्ट १ मध्ये गेली, म्हणजे तिच्या लोकरीचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद. चौक्या बसल्या, रखवालदार फिरू लागले आणि पाम्पा गालेरासमध्ये संख्या झपाट्याने वाढली. इतकी, की सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सरकारी तज्ज्ञच म्हणू लागले, चारा पुरत नाही, काही जनावरं कमी करावी लागतील. तसं झालंही. त्यावर फेलिपे बेनाविदेस या पेरूच्या नामवंत निसर्गरक्षकाने रान उठवलं. ज्या प्राण्यासाठी जगाकडे मदत मागितली, त्यालाच राखीव क्षेत्रात गोळ्या घालायच्या? तो वाद बराच काळ धुमसला.

चाऱ्याचं गणित कदाचित बरोबरही असेल. पण त्या सगळ्या वादात लुकानासच्या माणसाला कुणी विचारलं नाही, हे मला जास्त खटकतं. त्याच्या मेंढ्या आणि अल्पाका त्याच गवतावर चरत होत्या. विकुन्या वाढल्या तर त्याचा चारा घटायचा, आणि विकुन्या कमी केल्या तर त्याचा निर्णय राजधानी लिमात व्हायचा. त्याच्या वाट्याला दोन्हीकडून फक्त मनाई होती.

१९७९ च्या डिसेंबरमध्ये लिमात नवा करार झाला. बोलिव्हिया, चिली, एक्वादोर आणि पेरू यांनी सह्या केल्या, अर्जेंटिना नंतर आला. त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की विकुन्याचं संवर्धन हा अँडीजमधल्या लोकांसाठी उत्पन्नाचा पर्याय आहे. नुसतं जपा म्हणणाऱ्या करारातून आता कुणासाठी जपा हेही लिहिलं गेलं.

मध्ये आलेली काळी वर्षं

त्या कलमावर काम सुरू होण्याआधीच आयाकुचो पेटलं. १९८० च्या मे महिन्यात शायनिंग पाथ या माओवादी संघटनेने आयाकुचोतल्याच चुस्ची गावात मतपेट्या जाळून सशस्त्र लढा सुरू केला. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये या संघर्षातल्या मृतांचा अंदाज ६९ हजारांवर मांडला, आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या आयाकुचोतले होते. खेडीच्या खेडी एकीकडे बंडखोर आणि दुसरीकडे लष्कर यांच्यात चिरडली गेली. अशा वेळी माळावरची चौकी कोण सांभाळणार? रखवालदार मागे हटले, चौक्या ओस पडल्या आणि चोरटे शिकारी परतले.

पाम्पा गालेरासच्या नावापुढे आज बार्बारा दाशिले असं नाव जोडलेलं आहे. त्या पर्यावरणावर लिहिणाऱ्या पत्रकार होत्या. १९८९ मध्ये कामासाठी डोंगरात गेल्या असताना शायनिंग पाथने त्यांना ठार मारलं.

त्या दशकाने एक गोष्ट दाखवून दिली. सरकारी चौकीच्या भरवशावर वाचवलेला प्राणी चौकी उठताच पुन्हा बेवारस होतो.

१९९१ ते १९९५: हक्क कागदावर येतो

नव्वदच्या दशकात पेरूने पावलं उचलली ती याच्या उलट दिशेने. १९९१ च्या शेतीविषयक हुकुमाने शेतकरी समुदायांना त्यांच्या जमिनीवरच्या विकुन्यांची राखण आणि त्यांचा उपभोग दिला. फळ घ्या पण झाड तोडू नका, तसा हा हक्क. लोकर तुमची, जनावराचा जीव तुमच्या जबाबदारीवर. ११ जुलै १९९५ च्या २६४९६ क्रमांकाच्या कायद्याने कळपांवरचा समुदायांचा हक्क पक्का केला, आणि त्याच कायद्यात शिकारीला, चोरट्या वाहतुकीला आणि विक्रीला तुरुंगवासाची शिक्षा घातली. हक्क आणि शिक्षा एकाच कागदावर आले. चोरटा शिकारी आता नुसता सरकारचा नियम मोडणारा राहिला नाही, तो गावचं पीक चोरणारा झाला. राखणीची ओढ त्यानेच आली. गावांनी आपल्यातलेच तरुण राखणदार नेमले.

दार बाहेरूनही उघडावं लागलं. १९८७ मध्ये साइट्सने पेरूतले काही कळप परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे नियंत्रित व्यापाराच्या यादीत, आणले आणि जिवंत विकुन्याच्या लोकरीच्या कापडाला वाट दिली. १९९४ मध्ये साइट्सच्या अधिवेशनात पेरूतल्या सगळ्या विकुन्यांना ती सवलत मिळाली. तोवर देशात बंदीच्या काळापासून साठलेली ३,२४९ किलो लोकर पडून होती, आणि त्या अधिवेशनाच्या निर्णयात तो आकडा किलोनिशी लिहिलेला आहे. कापडाच्या काठावर देशाच्या नावाची ठरलेली खूण विणलेली असलीच पाहिजे, ही अटही आली. अमेरिकेने आपली आयातबंदी उठवली ती २००२ मध्ये.

इथे शाहतूशची आठवण होते. तिबेटच्या पठारावरच्या चिरू हरणाची ती लोकर, कश्मीरमध्ये विणली जाणारी. तीही अशीच तलम, तिच्याही शालीसाठी जग वेडं. पण चिरूला धरून कातरायची रीत कुठेच बसली नाही. शाल म्हटली की तीनचार मेलेली हरणं आलीच. म्हणून भारताने शाहतूशवर सरसकट बंदी ठेवली आहे आणि ती योग्यच आहे. पेरूला दुसरी वाट सापडली, कारण चाक्कूची रीत लोकांच्या आठवणीत होती आणि ती वापरणारं गाव अजून माळावर राहत होतं.

आकडे पाहा. १९९४ च्या गणतीत पेरूत सुमारे ६६,५०० विकुन्या होत्या, २००० मध्ये सुमारे १,१८,६०० आणि २०१२ मध्ये सुमारे २,०८,९००. नुसत्या बंदीने हे कधी झालं नव्हतं.

एक चाक्कू, जवळून

२४ जून ही तारीख उगाच नाही. १९६९ मध्ये याच दिवशी पेरूत जमीनदारी मोडणारा कायदा आला आणि हा दिवस शेतकऱ्यांचा दिवस झाला. लुकानासचा मोठा चाक्कू याच दिवशी होतो. पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, कोकाची पानं वाहतात आणि मग माणसं माळावर पसरतात.

दोराला रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात. तो दोर हातोहात धरून माणसांची भिंत होते. धावायचं नसतं. कळप बिथरला की विकुन्या ताशी चाळीसपंचेचाळीस किलोमीटरने सुटते, आणि फार दामटली तर स्नायू निकामी होऊन धरल्यावरही मरू शकते. म्हणून चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. वर्तुळ आवळत जातं, पुढे कुंपणाच्या दोन भिंती नरसाळ्यासारख्या जवळ येतात आणि त्यांच्या टोकाला गोल आवार असतं.

आवारातून एकेक जनावर हातांनी धरून बाहेर आणतात. डोळ्यांवर फडकं टाकलं की ते बरंच शांत होतं. एकजण डोकं धरतो, दोघं पाय, आणि त्याआधी कातरणारा पाठीवरचे केस बोटांनी फाकवून लांबी बघतो. अडीच सेंटिमीटरच्या आत असेल तर तसंच सोडायचं. भरपूर असेल तर विजेची कातरणी पाठीवरून आणि कुशीवरून फिरते. मान, पोट, पाय आणि छातीची पांढरी झालर यांना हात लावत नाहीत, कारण त्याच रात्री त्या माळावर पाणी गोठणार असतं. लोकर एका सलग घडीसारखी निघते. तिचं वजन करतात, नोंद करतात, गुंडाळून ठेवतात. चारपाच मिनिटांत फडकं निघतं, विकुन्या उठते, एकदा धडपडते आणि पळत सुटते.

आपल्याकडे धनगर मेंढरं कातरतात तेव्हा अशीच एकाने पाय धरायचे आणि दुसऱ्याने कातरायचं अशी जोडी असते. मेंढरू मात्र रात्री वाड्यात येतं, मालकाला ओळखतं. विकुन्या दोन वर्षं कुणाचीच नसते, आणि तरी तिच्यासाठी गाव तयारीत असतं.

पैसा कुठे थांबतो

आता दुखरी बाजू. कायद्याने लोकर गावाला दिली, बाजार दिला नाही. १९९४ मध्येच लोरो पियाना या इटालियन कंपनीसह काही कंपन्यांच्या गटाशी लोकर घेण्याचा करार झाला होता. विकुन्याची लोकर कातून कापड करू शकणाऱ्या गिरण्या जगात मोजक्याच आहेत, म्हणजे घेणारेही मोजके. विकणारी गावं शेकडो. त्यांना एकत्र बांधण्यासाठी १९९३ मध्ये राष्ट्रीय विकुन्या संस्था उभी राहिली होती, पण पुढे ती कमकुवत झाली आणि गावं एकेकटी भाव करू लागली.

२०२४ मध्ये एका अमेरिकी वृत्तसंस्थेने लुकानासवरच बातमी केली. लोरो पियानाचा विकुन्या स्वेटर तेव्हा सुमारे ९,००० डॉलरला विकला जात होता, आणि तेवढ्या लोकरीचे लुकानासला सुमारे २८० डॉलर मिळत होते. अमेरिकी काँग्रेसचे पेरूत जन्मलेले सदस्य रॉबर्ट गार्सिया यांनी कंपनीला पत्र लिहून जाब विचारला. शंभर डॉलरमधले तीन डॉलर गावाचे, आणि तेही दिवसभर दोर धरून उभ्या राहिलेल्या माणसांचे, ज्यांचं बरंचसं काम गावकीचं म्हणून बिनपगारी असतं.

कच्च्या लोकरीतले राठ केस वेचून काढणं हे एक काम गावात होऊ शकतं. बायका लोकरीचा पुंजका पांढऱ्या कापडावर पसरून एकेक जाड केस बोटांनी किंवा चिमट्याने उपसतात. एक किलो साफ करायला अनेक दिवस जातात, पण साफ लोकरीला भाव बराच जास्त मिळतो. तरी पुष्कळ गावं लोकर न वेचताच विकतात, कारण पैसा लगेच हवा असतो आणि तोवर लागणारं भांडवल गावाकडे नसतं. मला वाटतं, १९९५ च्या कायद्याची खरी उणीव इथे आहे. शिकाऱ्यासाठी तुरुंग लिहिला, पण किमान भाव, गावांनी मिळून विकण्याची सक्तीची चौकट, वेचणी आणि कताईसाठी कर्ज, यांतलं काही त्यात आलं नाही. दोर धरणाऱ्या माणसाची मिळकत अशी घटत गेली तर एक दिवस तो दोर धरायला यायचा नाही. मग माळावर पुन्हा तो एकटा बंदूकवालाच उरेल. पूनाच्या दुर्गम टोकांना चोरटी शिकार आजही होते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. १९९६ नंतर सरकारने अनेक गावांत शेकडो हेक्टरचे कुंपणबंद माळ उभारले, जेणेकरून दर वेळी डोंगर वेढावा लागू नये. सोय झाली, पण रानटी प्राणी अर्धवट पाळीव झाला, कळपांची मिसळ थांबली आणि चाराही तिथल्या तिथे संपू लागला. अभ्यासकांनी यावर बरीच टीका केली आहे. दुसरी गोष्ट खरजेची. एकाच आवारात कोंडलेल्या जनावरांत खरूज झपाट्याने पसरते आणि लोकर गळते. खरजुल्या विकुन्याला वेगळं काढून औषध द्यायला चाक्कूच्या दिवशीच संधी असते, कारण एरवी ती हाताला लागत नाही. म्हणून लोकर मोजणाऱ्याच्या शेजारी औषधाची सुई घेऊन बसलेला माणूस असणं गरजेचं आहे, आणि त्याचा खर्चही त्या २८० डॉलरमधूनच निघतो.